तो पॉज होता

विंगकाकांना स्वतःचं नाव नव्हतं असं नाही, पण ते आता फक्त विजेच्या बिलावर उरलं होतं. नाटक कंपनीत लहानथोर सगळे त्यांना विंगकाकाच म्हणत, कारण या माणसाचा जन्म विंगेत बसण्यात गेला. स्टेजच्या डाव्या अंगाला, काळ्या पडद्याआड, एक लाकडी स्टूल, एक बुटका दिवा आणि मांडीवर नाटकाची संहिता. समोर नट बोलतायत, इकडे हे वाचतायत. नट अडखळला की पुढचा शब्द यांनी हळूच सोडायचा, असा की नटाला नेमका ऐकू जावा आणि पहिल्या रांगेतल्या माणसाला वाटावं, पडदा हलला असेल. प्रॉम्प्टर म्हणतात याला. जाहिरातीत नाव नाही, टाळ्या नाहीत, आणि काही चुकलं की शिव्या मात्र पहिल्यांदा तिकडेच.

या कामातली खरी मेख शब्द सांगण्यात नाही, न सांगण्यात आहे. नट गप्प झाला म्हणजे विसरलाच असं नसतं. कधी तो मुद्दाम थांबतो, प्रेक्षकांना ताटकळत ठेवतो. त्याला पॉज म्हणतात, आणि त्या पॉजमध्ये विंगेतून शब्द आला तर सगळा खेळखंडोबा. कंपनीचे मुख्य नट आयुष्यभर राजांचीच कामं करत आल्यामुळे त्यांना सगळे राजे म्हणत. हे राजे तर पॉजचे भारी शौकीन. इतका लांब पॉज घ्यायचे की मागच्या रांगेतले लोक घड्याळ बघायला लागायचे. पण विंगकाका एकदाही फसले नाहीत. राजे खरंच विसरले की त्यांच्या उजव्या पायाचा अंगठा हलायचा. पॉज असला की अंगठा गप्प. ही गोष्ट विंगकाकांनी खुद्द राजांनाही कधी सांगितली नव्हती.

आणि आता गंमत ऐका. राजांचा पॉज असा अचूक ओळखणारा हा माणूस डॉक्टरांपुढे बसला की पार बावळट व्हायचा.

दुखणं सुरू झालं ते तोंडापासून. तोंड कोरडं ठाक पडायला लागलं. जीभ टाळूला अशी चिकटायची की शब्दाऐवजी नुसता ‘टक्’ असा आवाज निघायचा. मग डोळ्यांत वाळू गेल्यासारखं खुपायला लागलं. सकाळी बोटं वळेनात, शर्टाची बटणं काकू लावून द्यायच्या. काकू म्हणजे त्यांची बायको, कंपनीतल्या लोकांनी तिलाही पदवी देऊन टाकली होती. दात एकामागून एक किडले. थकवा तर असा की अंघोळ करून आलं की अंघोळीच्या श्रमाने पुन्हा पडावंसं वाटे.

आता अशा वेळी शहाणा माणूस डॉक्टरांना सगळं सांगतो. विंगकाका शहाणे नव्हते, शिस्तीचे होते. त्यांच्या उमेदवारीच्या काळी प्रत्येक नटाला फक्त त्याच्या वाट्याची वाक्यं लिहून मिळत, सबंध नाटक एकट्या प्रॉम्प्टरपाशी. तोच कित्ता त्यांनी दवाखान्यातही गिरवला. डोळ्यांच्या डॉक्टरांना डोळ्यांपुरतं सांगितलं, हाडांच्या डॉक्टरांना बोटांपुरतं, पोटाच्या डॉक्टरांना गिळण्यापुरतं. डोळ्यांच्या डॉक्टरांपुढे दातांचा विषय काढणं त्यांना शिष्टाचाराला सोडून वाटे. भल्या माणसाला कशाला दुसऱ्याच्या वाक्यांचा त्रास द्या.

एवढ्यावरच थांबते तर बरं होतं. पण समोरचा माणूस बोलता बोलता थांबला की यांचा जीव खालीवर व्हायचा. नटाचा अंगठा त्यांना वाचता येत होता, डॉक्टरांचे पाय टेबलाखाली. त्यामुळे डॉक्टर जरा विचारात पडले की यांना वाटे, झालं, विसरले बिचारे. आणि सवयीने शब्द तोंडातून सुटे.

पोटाचे डॉक्टर म्हणाले, मला वाटतं ही, आणि थांबले. काका म्हणाले, ॲसिडिटी. डॉक्टर म्हणाले, हो, ॲसिडिटी. डोळ्यांचे डॉक्टर म्हणाले, तुम्ही असं करा, आणि पापणी वर करून बघत राहिले. काकांनी पुरवलं, मोबाइल कमी बघतो. वास्तविक यांच्या मोबाइलमध्ये बघण्यासारखं काही नव्हतंच, बटणांचा जुना डबा होता तो. हाडांचे डॉक्टर ‘या वयात’ एवढंच म्हणाले, पुढचं ‘हे चालायचंच’ काकांचं. सगळे डॉक्टर यांच्यावर बेहद्द खूश. असा पेशंट कुणाला नको असतो हो, वेळ वाचवणारा? आणि हे स्वतःच सुचवलेल्या रोगावरची औषधं पिशवीत घालून, मान डोलावत घरी यायचे. फाईल जाड होत गेली, माणूस वाळत गेला.

सगळ्यात शेवटी एका मोठ्या डॉक्टरांकडे गेले. त्यांनी कागद चाळले, पेन टेबलावर आपटत राहिले आणि म्हणाले, हे सगळं कसं आहे ना. आणि थांबले. विंगकाकांच्या तोंडून निघून गेलं, ‘मनाचं आहे.’ निघालं आणि त्यांचे तेच दचकले. पण डॉक्टरांनी मान हलवली, झोपेची गोळी लिहून दिली.

घरी येऊन त्यांनी काकूंना सांगितलं की सगळं मनाचं आहे म्हणाले. काकूंनी विचारलं, कोण म्हणालं? काका विचार करत बसले. खरं सांगायचं तर त्यांना आठवेना.

मनाचं, हे त्यांना इतकं खोल लागण्याचं कारण वेगळंच होतं. आदल्या वर्षी त्यांची ताई गेली. आई लवकर गेल्यावर या बहिणीनेच त्यांना वाढवलं, मोठ्याने वाचायला शिकवलं, अडले की पुढचा शब्द हळूच सांगितला. म्हणजे प्रॉम्प्टिंगचं शिक्षण तिच्याकडचंच म्हणा ना. ती गेली त्या दिवशी घर माणसांनी भरलं होतं, जो तो डोळे पुसत होता, आणि विंगकाका भिंतीशी उभे, डोळे कोरडे. एक टिपूस नाही. भाची दाराआड कुणाला तरी म्हणाली, मामा दगडाचाच निघाला. कुजबूज करण्यात जन्म गेलेल्या माणसाला ती कुजबूज ऐकू गेली नसती तरच नवल. काकू यावर काहीच बोलल्या नाहीत, आणि ते त्यांना भाचीच्या बोलण्यापेक्षाही जास्त लागलं. तेव्हापासून त्यांच्या मनाने घेतलं होतं की आपल्या आतलंच काहीतरी आटलंय. डॉक्टरांनी आता त्यावर शिक्काच मारला.

त्यात कंपनीत भलतंच घडलं. जुन्या नाटकाच्या प्रयोगाला राजे दुसऱ्या अंकात थांबले. अंगठा हलला. विंगकाकांनी तोंड उघडलं, तर आवाजच नाही, नुसतं टक्. अंगठा जोरात हलायला लागला. टक् टक्. शेवटी राजांनी स्वतःच्या अकलेने वेळ मारून नेली, आणि ज्या सरदाराला क्षमा करायची होती त्याला फासावर चढवून टाकलं. सरदार बिचारा तिसऱ्या अंकात लग्नाला हजर. प्रेक्षकांत जो हशा पिकला तो पडदा पडेपर्यंत थांबेना. शोकांतिका होती ती.

मॅनेजरने दुसऱ्या दिवशी काकांना चहा पाजला. चहा पाजला तिथेच काकांना कळलं की काही खरं नाही. मॅनेजर म्हणाला की हल्ली कानात बसणारं छोटं यंत्र मिळतं, मागे खोलीत बसून माइकवर कुणीही बोललं तरी चालतं, तुम्हीही आता आराम केला पाहिजे. नवं नाटक उभं राहतंय. त्याच्या पहिल्या प्रयोगापर्यंत आवाज ठीक झाला तर बघू, नाहीतर यंत्र. काका घरी आले आणि बूट न काढताच पलंगावर बसले. ‘ते स्टूल गेलं तर मी कोण गं?’ त्यांनी काकूंना विचारलं. काकू म्हणाल्या की आधी बूट काढा. पण त्या दिवशीच त्यांनी कंबर कसली.

काकूंनी आयुष्यभर घरात पाळणाघर चालवलेलं. बोलता न येणाऱ्या मुलांचं दुखणं ओळखण्यात त्यांचे केस पांढरे झाले, त्यामुळे मोठ्या माणसांच्या डिग्र्यांवर त्यांचा फारसा भरवसा नव्हता. डॉक्टर शोधायची त्यांची रीत अशी की विणकामाची पिशवी घ्यायची, दवाखान्याच्या बाहेरच्या बाकावर जाऊन बसायचं, कुणी विचारलं तर मिस्टर येतायत म्हणायचं, आणि आतून बाहेर येणाऱ्या माणसांकडे बघायचं. पेशंट बाहेर येताना अजून बोलतच असला, दार बंद झालं तरी ‘आणि डॉक्टर, ते पाठीचं’ म्हणत असला, तर त्याचं आत ऐकलेलं नाही. मग औषध देणाऱ्याला सांगतो, बाकावरच्यांना सांगतो, काहीजण तर काकूंनाच सांगत. काकूंनी अशा बऱ्याच जणांची दुखणी ऐकून घेतली, दोघातिघांना उपायही सांगितले. स्वेटरची पाठ विणून झाली, डॉक्टर काही सापडेना.

शेवटी सायकलच्या दुकानावरचा एक दवाखाना त्यांना पसंत पडला. तिथल्या बाकांवरची सगळी माणसं चिडलेली. आत गेलेला माणूस बाहेरच येत नाही म्हणून नुसती धुसफूस. पण जो आत जाऊन बाहेर येई तो गप्प. एक आजोबा तर बाहेर येऊन पुन्हा बाकावर टेकले आणि समोरच्या भिंतीला म्हणाले, सगळं विचारलं बुवा. काकूंनी सुया पिशवीत टाकल्या आणि नंबर लावला.

डॉक्टरीणबाई किडकिडीत होत्या, चष्मा कपाळावर चढवलेला आणि हातात दुसरा. विंगकाकांनी सवयीप्रमाणे फाईल पुढे सरकवली. बाईंनी ती बाजूला ठेवली आणि म्हणाल्या, हे मी नंतर वाचते, आधी तुम्ही सांगा काय होतंय. काकांनी विनयाने विचारलं, कुठलं सांगू, डोळ्यांचं की पोटाचं? बाई म्हणाल्या, सगळं. काकांना जरा परकं परकं वाटलं. सबंध नाटक मागणारं गिऱ्हाईक त्यांना आजवर भेटलं नव्हतं. त्यांनी थोडं इकडचं, थोडं तिकडचं सांगितलं. बाई ऐकून घेत होत्या. मग त्या खिडकीकडे बघत गप्प झाल्या.

काकांनी घटकाभर कळ काढली. मग हळूच म्हणाले, ‘वय झालं.’

बाईंनी मान वळवली. ‘हे कोण म्हणालं?’

‘तुम्ही म्हणणार होतात ना.’

‘मी काय म्हणणार आहे ते मलाच अजून माहीत नाही,’ बाई म्हणाल्या. ‘तुम्ही माझं राहू द्या, तुमचं सांगा. पहिल्यांदा काय बदललं?’

आणि विंगकाका ब्लँक झाले. जन्मभर हजारो वाक्यं दुसऱ्यांच्या तोंडात घातली, स्वतःच्या वाक्यावर आले आणि समोर नुसता अंधार. टेबलाखाली त्यांच्या उजव्या पायाचा अंगठा हलायला लागला, हे त्यांच्या लक्षातही आलं नाही. मागच्या खुर्चीवर बसलेल्या काकूंच्या आलं.

‘बिस्किट,’ काकू पुटपुटल्या. अगदी पडदा हलल्यासारखं.

‘बिस्किट,’ काकांनी उचललं. ‘कोरडं बिस्किट गिळता येत नाही. चहात बुडवून चमच्याने खावं लागतं. सगळ्यात आधी ते झालं.’ मग गाडी चालू लागली. मध्ये अडली की मागून शब्द यायचा. बटणं. उशाचा तांब्या. गालाखालची सूज. ही सूज येते आणि जाते हे काकांनी कुणालाच सांगितलं नव्हतं, कारण गालाचा डॉक्टर कुठे असतो ते त्यांना ठाऊक नव्हतं. बाई मध्ये बोलल्या नाहीत. बाहेर कुणीतरी दारावर टकटक केलं, तिकडेही त्यांनी लक्ष दिलं नाही.

सगळं सांगून झाल्यावर बाईंनी कागदाची एक बारीक पट्टी घेऊन त्यांच्या खालच्या पापणीत अडकवली, दुसरी दुसऱ्या डोळ्यात, आणि डोळे मिटून बसायला सांगितलं. बसले. थोड्या वेळाने पट्ट्या काढल्या, उजेडात धरल्या आणि बाई पुन्हा गप्प झाल्या. या खेपेला फारच गप्प. काकांच्या ओठांवर शब्द येऊन थडकले. मनाचं आहे, म्हणायचं असेल बाईंना, जीव धजत नसेल. त्यांनी तोंड उघडलं.

काकूंचा हात त्यांच्या खांद्यावर पडला. ‘थांबा हो. विसरल्या नाहीत त्या,’ काकू कानाशी म्हणाल्या. ‘पॉज आहे.’

विंगकाकांनी तोंड मिटलं. उभ्या आयुष्यात त्यांना कुणी ही गोष्ट शिकवायला गेलं नव्हतं.

बाईंनी पट्ट्या खाली ठेवल्या. ‘तुम्ही शेवटचं रडलात कधी?’

काका ताठ झाले. घसरली गाडी पुन्हा मनाकडे, असं त्यांना वाटलं, आणि राग आला. मग राग ओसरला आणि तोंडातून खरं तेच आलं. त्यांनी ताईचं सांगितलं. भिंतीचं सांगितलं, भाची दाराआड काय म्हणाली ते सांगितलं. म्हणाले, मला वाटतं ती खरं बोलली, एवढी जीव लावणारी बहीण गेली आणि मला रडू आलं नाही.

‘रडू आलं होतं,’ बाई म्हणाल्या. ‘पाणी आलं नाही.’ त्यांनी पट्टी त्यांच्या हातात ठेवली. डोळ्यात घालताना होती तशीच कोरडी. ‘डोळ्यांत पाणी तयार करणाऱ्या गाठी असतात, तोंडात लाळेच्या असतात. तुमच्या त्या आटल्यात. आजच नाही, दोन-तीन वर्षांपासून आटत आल्या असणार. तुम्ही दगड नाही झालात, काका. आजारी आहात.’

काका ती पट्टी बोटांत फिरवत राहिले. त्यांना इतकं हलकं वाटलं की आता रडावं असं मनात आलं, पण ते काही जमण्यातलं नव्हतं. मागून नाक ओढल्याचा आवाज आला. काकूंनी रुमाल शोधला, सापडेना, म्हणून अर्धवट स्वेटरच्या पाठीने डोळे पुसले आणि दोघांच्या वाटचं एकटीनेच रडून घेतलं. इतके दिवस त्याही मनातून नवऱ्यावर थोड्या रुसलेल्याच होत्या, ते आज त्यांनी कबूल केलं.

पुढे रक्त तपासलं, खालच्या ओठाच्या आतून चिमूटभर तुकडा काढून तपासला, आणि बाईंना वाटलं होतं तेच निघालं. शरीराचे स्वतःचेच पहारेकरी बिथरतात आणि घरातल्या माणसांना झोडपतात, असं काहीसं बाईंनी समजावलं. डोळे, दात, बोटं, थकवा, सगळ्यांचा करविता एकच. रोगाचं नाव परदेशी आणि जिभेला गाठ पाडणारं, पण काकांनी ते एका दमात बिनचूक म्हणून दाखवलं, संहितेत असल्यासारखं. काकू त्याला अजून ‘ती कोरडी’ म्हणतात. हे पूर्ण जाणार नाही, सांभाळून राहावं लागेल, हेही बाईंनी लपवलं नाही. लाळ सुटायची गोळी दिली, सांध्यांची दिली, डोळ्यांत घालायचे थेंब दिले आणि विंगेत पाण्याची बाटली ठेवायला सांगितली. विंगेत पाणी न्यायचं नाही हा नियम विंगकाकांनीच पूर्वी केलेला होता, तो त्यांनाच मोडावा लागला.

आवाज हळूहळू परतला, पूर्वीचा नाही, पण कामापुरता. मॅनेजरने यंत्र आणून ठेवलं होतंच, पण राजांनी ते कानात घालायला साफ नकार दिला. म्हणाले, यंत्राला माझा पॉज कळत नाही. तेव्हा पहिल्या प्रयोगाला स्टुलावर काका आणि कपाटात यंत्र, असं ठरलं. आज एक शब्द जरी अडला तरी उद्या यंत्र बाहेर, हे काकांना आणि मॅनेजरला दोघांनाही ठाऊक होतं.

दोन अंक निभावले. तिसऱ्यात राजांचा निरोपाचा प्रवेश, भर थिएटरात चिटपाखरू हलत नव्हतं. काकांचे डोळे खुपायला लागले म्हणून त्यांनी संहितेवरची नजर न काढता चाचपडत थेंब घातले, आणि हात जरा सैल सुटला. एक ओघळ गालावरून खाली आला. स्टेजवर राजे नेमके विंगेकडे वळले आणि त्यांनी ते पाहिलं. राजे थांबले. काकांनी अंगठ्याकडे बघितलं. अंगठा गप्प होता. मग एकदम हलायला लागला.

काकांनी पाण्याचा घोट घेतला, आणि शब्द सोडला. स्वच्छ, मोजका, पडदा हलल्यासारखा. राजांनी तो उचलला आणि प्रवेश पार नेला. टाळ्या थांबेनात. मॅनेजर दुसऱ्या विंगेत उभा होता, त्याने काकांकडे बघून मान डोलावली आणि निघून गेला.

पडदा पडल्यावर राजे मुकुट काखेत मारून तडक स्टुलाशी आले. इतक्या वर्षांत ते स्वतःहून तिथे कधी आले नव्हते. ‘काका,’ ते म्हणाले, ‘तुम्ही रडलात. माझ्या कामाला. मी वाक्यच विसरलो.’

थेंबांचं सांगायला काकांनी तोंड उघडलं, आणि मिटलं. ओघळ अजून गालावर होता, त्यांनी पुसला नव्हता. राजे वाट बघत होते. काही सांगणारं मागे कुणी नव्हतं, समोर संहिताही मिटलेली होती. काका बराच वेळ थांबले.

‘ताईची आठवण आली,’ ते म्हणाले.